शाळेच्या रानातला पेरा

हस्ताचा पाऊस दोन दिवस पडून उघडला की हुलगेवाडीत भरमाच्या दारात माणसांची रीघ लागायची. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी तोंडावर असायची, आणि शाळू पेरायचा तर मूठ भरमाचीच पाहिजे, असं सगळ्या गावाचं मत. निपाणीच्या अलीकडच्या चार गावांत तसा हात दुसरा नव्हता. कुरीच्या, म्हणजे पेरायच्या पाभरीच्या, वर लाकडाचं वाटीएवढं चाडं, चाड्याला खाली चार भोकं, चार भोकांना चार नळ्या. कुरीमागनं चालता चालता मुठीतलं बी बोटांच्या फटीतनं असं सोडायचं की चारी नळ्यांत सारखं पडलं पाहिजे. बैल बुजो, ढेकूळ लागो, मूठ अडखळता कामा नये. भरमाची अडखळत नसे. त्यानं पेरलेला शाळू उगवून आला की म्हातारा आण्णाप्पा पाटील बांधावर काठी टेकून म्हणायचा, "ह्येनं एकेक दाना मोजून लावलाय का रं?"

तेवढं ऐकायला भरमा वर्षभर जगायचा म्हटलं तरी चालेल. दुसरं मिरवण्यासारखं त्याच्याकडं होतं काय? साडेतीन एकर रान, दोन बैल, एक म्हैस, बायको मालुबाई आणि एकुलता पोरगा शामू. अक्षरओळख नव्हती, आणि आजवर तिच्यावाचून कुठं अडलंही नव्हतं.

तीस-एकतीस सालची ही गोष्ट. त्या जूनमध्ये गावच्या मराठी शाळेत पाचवीपासून पुढच्या वर्गांना शेतकी हा विषय सुरू झाला आणि बेळगावहून दत्तोपंत नावाचे मास्तर बदलून आले. काळा कोट, स्वच्छ धोतर, नाकावर चष्मा. धारवाडला राहून शेतकीचा अभ्यास केलेला माणूस. शाळेला ओढ्याकाठचा दहा गुंठ्यांचा तुकडा मिळाला. चावडीपुढं आठ दिवस लोकांना हसायला दुसरा विषय नव्हता.

"कोटवाला मास्तर नांगर धरनार, आनि आमची पोरं बघनार," भरमाचा चुलतभाऊ रवळू म्हणाला.

भरमा सगळ्यांत मोठ्यानं हसला. शामू तेव्हा नुकताच सहावीत गेला होता.

हसू आषाढ संपेपर्यंतही टिकलं नाही. शामू शाळेतनं येताना रोज काहीतरी घेऊन यायचा आणि भरमाच्या घरातलं काहीतरी काढून टाकायचा. पहिल्यांदा नदी गेली. वेदगंगेला पूर आला होता आणि बापलेक काठावर उभे राहून तांबडं पाणी बघत होते.

"हे एवढं पानी समुद्राला जातंय बग," असं म्हणून भरमानं कोकणाकडं, मावळतीला हात केला.

"न्हाय आप्पा. ही दूधगंगेला मिळती, दूधगंगा कृष्णेला. आनि कृष्णा उगवतीकडं जाती. लई लांब, बंगालच्या उपसागराला."

"समुद्र तर हिकडं हाय की रं. घाट उतरला की समुद्र."

"त्यो दुसरा. मास्तर म्हणत्यात, पानी उताराकडं जातंय, जवळ काय हाय ते बगत न्हाय. नकाशात हाय, उद्या दावतो."

शेजारी चार माणसं उभी होती. भरमाचा वर केलेला हात तसाच राहिला. मग त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

श्रावणात शामूनं गाठी मारलेली दोरी आणली. घरच्या ओढ्याकडच्या तुकड्यावर ती उभी-आडवी धरली, पाटीवर गुणाकार मांडला आणि म्हणाला, "आप्पा, हे दीड एकर न्हाय. एक एकर सोळा गुंठं हाय."

"माझा बाप दीड म्हनत हुता."

"आज्जा अदमासानं म्हनत असंल."

"माझ्या मेल्या बापाला खोटं पाडतोस व्हय रं?"

शामू उलट बोलला असता तर एक थोबाडीत देता आली असती. तो दोरी गुंडाळत राहिला आणि भरमा बांधावर हात चोळत उभा राहिला.

मग आरोग्याचा धडा झाला. पिण्याचं पाणी गाळून उकळायचं ठरलं. मालुबाईनं चुलीवर वेगळं भांडं चढवलं. भरमा म्हणाला, "माझा जलम गेला वड्याचं पानी पिऊन."

"म्हनून दर पावसाळ्यात टमरेल घेऊन पळतासा," मालुबाई म्हणाली, आणि मायलेकरं पोट धरून हसली.

खरं सांगायचं तर भरमाला मास्तरांचा हेवा वाटत होता. पोरगं शिकतंय याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. 'आमचा शामू मोडी फडाफडा वाचतोय' हे चावडीवर तो स्वतःच चारचारदा सांगायचा. पण 'मास्तर म्हणत्यात' असं म्हणताना शामूच्या तोंडावर जो उजेड यायचा, तो 'आप्पा म्हणत्यात' म्हणताना कधी आला नव्हता. मालुबाईसुद्धा हल्ली दुखण्याखुपण्याचं आधी पोराला विचारायची. एकाच ताटलीत जेवणारं पोर, पण भरमाला वाटायचं, कुणीतरी त्याला रोज थोडं थोडं उचलून नेतंय, आणि नेणाऱ्याला साधा बैल दावणीला बांधता येत नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते त्याला त्या साली कळलं. मास्तर समोरून आले की 'रामराम' करताना त्याच्या पोटात खरोखरच दुखायचं.

एक गोष्ट मात्र अजून त्याची होती. नदी गेली, बापाचा दीड एकर गेला, पाणी गेलं. मूठ राहिली होती.

भरमाच्या घराण्यात बापानं पोराच्या हातात मूठ द्यायची ती तेराव्या-चौदाव्या वर्षी, रानात नारळ फोडून. त्या हस्तात भरमानं शामूला शाळा बुडवायला लावली. कुरी जुंपली, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा पोराच्या तोंडात घातला. बियांची ओटी त्याच्या कमरेला बांधली. रवळू बैलांपुढं होता. शामूनं एक फेरा घातला. भरमा शेजारनं चालत होता, एक डोळा नळ्यांवर, एक पोराच्या बोटांवर. बोटं बरी चालत होती. भरमाला वाटलं, आता तोंडभर हसावं.

दुसऱ्या फेऱ्याच्या वळणावर शामू थांबला.

"आप्पा, बी दाट पडालंय. मास्तर म्हणत्यात एकरी चार शेर पुरं. आपून साडेपाच टाकतोय. दाट झालं की ताटं बारीक हुत्यात."

खोबरं अजून त्याच्या तोंडात होतं. भरमानं त्याच्या कमरेची ओटी सोडली, म्हणजे ओढलीच. गाठ करकचून बसली होती, ती पोराच्या पोटाला काचली.

"जा. मास्तरच्या रानात पेर जा."

रवळूनं मागं वळून बघितलं नाही. शामू बांधावरनं शाळेकडं चालत गेला. ओढ्याकडचं उरलेलं दीड एकर, नाहीतर जे काय असेल ते, भरमानं एकट्यानं पेरलं.

चौथ्या दिवशी दत्तोपंत स्वतः दारात आले. कोट नव्हता, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

"भरमाप्पा, एक विनंती आहे. शाळेचं रान तयार झालंय. मुलांनी बी निवडलं, पारखलं, सगळं केलं. पण मूठ धरायची ती मला येत नाही. पुस्तकात वाचून ती येतही नाही. तुम्ही याल का?"

भरमाचं मन निवायला एवढं पुरेसं होतं. निवलंही. तो मालुबाईला मोठ्यानं म्हणाला, "टोपी दे गं माझी!" आणि कुरी घेऊन असा निघाला की जणू लग्नालाच चाललाय.

शाळेच्या रानात दोन वर्गांची पोरं बांधावर ओळीनं उभी होती. भरमानं पहिले दोन फेरे घातले. सुरेख पडले. मास्तर पोरांना सांगू लागले, "पाहा, हात कसा चालतोय ते पाहा. शामराव, दोन काकऱ्यांत अंतर किती?"

शामराव! भरमानं त्याला जन्मात शाम्या आणि शामू यापलीकडं हाक मारली नव्हती.

"अठरा इंच, मास्तर." शामूच्या हातात मोजायची काठी होती.

"आणि बी किती खोल?"

"दोन इंच, वलीला लागंल असं."

"शाब्बास!"

मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप दिली आणि शामूनं मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. पेरणारा बाप दहा पावलांवर होता, पण पोरानं बघितलं ते मास्तरांकडं. भरमाची मूठ आवळली. चार पावलं बी पडलंच नाही.

बैल थांबवून मागं घेता आले असते. भरमानं घेतले नाहीत. चार पावलं चुकून गेली होती, पण पुढच्या फेऱ्याला त्यानं ते जाणून केलं. दोन नळ्या उपाशी ठेवल्या, तिसरीत ओंजळ लोटली, मग मूठ मिटून वाटेल तेवढं चालला. वरून बघणाऱ्याला हात तसाच डुलताना दिसत होता. वाईट पेरायलाही कसब लागतं आणि ते भरमाकडं होतं. बैलांपुढं चालणाऱ्या शाळेतल्या पोराला कळायचं कारण नव्हतं. प्रत्येक 'मास्तर' शब्दाला, प्रत्येक 'शाब्बास'ला भरमा मूठ मिटत गेला आणि आत कुठंतरी त्याला गार वाटत गेलं.

शेवटचे चार फेरे राहिले तेव्हा दत्तोपंत म्हणाले, "आता हे शामरावाला द्याल का? तुमच्या देखत."

भरमानं ओटी सोडून पोराच्या हातात दिली आणि चिंचेखाली जाऊन विडी पेटवली. त्यानं तिकडं पाठ केली होती.

आठव्या दिवशी शाळू वर आला. शाळेचं रान म्हणजे खरूज झालेल्या कुत्र्याची पाठ. कुठं झुपकेच्या झुपके, कुठं दहा-दहा पावलं काळी माती. पोरांनी भिजवलेलं बी आणून नांगे, म्हणजे रिकाम्या जागा, भरले, पण ओल खाली गेली होती. निम्मं उगवलं नाही, उगवलं ते खुरटलं. गावाला नवं हसू मिळालं. दत्तोपंत सकाळ-संध्याकाळ काकऱ्यांतनं उकिडवे बसत फिरायचे.

"बी पोकळ असंल," भरमानं चावडीवर सांगून टाकलं, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भरमाचा हात चुकला, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

फक्त कडेचे चार फेरे भरून, एकसारखे उभे होते. गुरं पाजायला नेताना भरमा तिथं थांबला. दर काकरीच्या सुरवातीला अर्धी मूठ जास्त पडली होती, मग सरळ एकसारखं. बैलानं ओढ घेईपर्यंत पहिलं पाऊल रिकामं जाऊ नये म्हणून ही अर्धी मूठ. भरमाचा बाप तशी टाकायचा, भरमा तशी टाकायचा. कुठल्या शाळेत हे शिकवत नाहीत आणि भरमानंही शामूला कधी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून कुरीमागनं चालता चालता पोरानं ते उचललं होतं. भरमा वाकून त्या काकरीकडं बघत राहिला.

त्यानं मान वर केली तर शामू समोर. मधल्या काकरीत बसून तो बोटानं माती उकरत होता. एक हात उकरलं, दोन हात उकरलं. मग उठून बोटं पुसली.

"बी पोकळ न्हवतं, आप्पा. गोनपाटावर शंभर दानं भिजवून बघितलं हुतं. त्र्याण्णव उगवलं. माझ्या वहीत हाय."

"मग?"

"हितं बीच न्हाय. कुजलेलं न्हाय, किड्यानं खाल्लेलं न्हाय. पडलंच न्हाय."

एवढं बोलून त्यानं बापाकडं बघितलं. भरमा गुरांच्या मागं निघून गेला.

त्या दिवसापासून घरात 'मास्तर म्हणत्यात' बंद झालं. भरमाला हेच हवं होतं ना? पण शामू घरी येऊन शाळेतलं काहीच सांगेना. भरमा भाकरी मोडता मोडता विचारायचा, "आज काय शिकवलं रं?" "काय न्हाय," असं शामू म्हणायचा, आणि वही घेऊन सोप्यात जायचा. इतिहास झाला, अपूर्णांक झाले, सुतारकामात त्यानं एक बारका पाट केला. सगळं भरमाला मालुबाईकडनं कळायचं.

पौषात चिकोडीहून दिपोटी साहेब शाळा तपासायला आले. निम्मा गाव ओढ्याकाठी जमला होता. साहेबांनी रान बघितलं आणि काठीनं कोट झाडला.

"दत्तोपंत, हे काय आहे? असलीच शेती शिकवायची असेल तर हा वर्ग चालवण्यात अर्थ नाही. बियाणं तुम्ही निवडलं?"

"होय साहेब. जबाबदारी माझी आहे," मास्तर म्हणाले. त्यांच्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता.

भरमा गर्दीत मागं उभा होता. मनाशी म्हणाला, आता बोलावं. एवढ्यात ओळीतनं शामू पुढं आला.

"साहेब, बी चांगलं हुतं. शंभरात त्र्याण्णव उगवलं. मूठ माझी वाईट हुती."

"म्हणजे?"

"ते कडंचं चार फेरं आमच्या आप्पांचं. मधलं समदं माझं. मीच हट्ट केला, मास्तरांनी नगं म्हटलं हुतं."

दत्तोपंत पेरणीच्या दिवशी तिथंच होते. त्यांनी तोंड उघडलं, पण शामूकडं बघून मिटलं. पोराला खोटं पाडायला गेलं तर आपलाच वर्ग बुडेल, हे त्यांनाही कळत असणार. बांधावरची पोरं एकमेकांना कोपरखळ्या मारत राहिली, बोललं कुणी नाही. साहेबांनी कडेचे चार फेरे बघितले, मधलं रान बघितलं.

"बापाच्या हातातलं एक टक्काही उचललं नाहीस. हाताला वळण नाही." त्यांनी वहीत तसं लिहिलं. वर्ग राहिला. बेळगावच्या प्रदर्शनाला न्यायच्या मुलांच्या यादीत पहिलं नाव शामूचं होतं. त्यावर रेघ आली.

परतताना भरमा पोराला गाठायला झपझप चालला. "कशाला खोटं बोललास?"

"मग काय सांगू? तुमी पेरलंसा म्हणून सांगितलं असतं तर कुनी खरं मानलं असतं व्हय?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. भरमाला वाटलं, असता तर बरं.

गाव कशाला सोडतंय? पेरताना बघितलेली पोरं खरं सांगायची, पण भरमाची मूठ चुकली हे कुणाला पटेना. शामू दिसला की "मुठ्या आला रं मुठ्या" सुरू झालं. पाणवठ्यावर बायका मालुबाईला म्हणायच्या, "वाघाच्या पोटी बकरं आलं की गं." रवळूसारखा घरचा माणूससुद्धा म्हणाला, "पुढं कुरी धरायला ह्येला नगं, आपून मष्णूच्या पोराला घिऊया." भरमा ऐकायचा. ज्या हातात त्यानं आपल्या घराण्याचं एकमेव धन दिलं होतं, जो हात त्याच्यापेक्षाही चांगला निघाला होता, त्या हाताची गावभर टवाळी चालली होती, आणि ती त्याच्या करणीनं.

शाळेचा शाळू काढायच्या दिवशी मास्तर होते, पोरं होती, आण्णाप्पा पाटील नेहमीसारखा बांधावर काठी टेकून होता. रवळूनं मुठ्या म्हणून हाक मारली आणि पोरं हसली. भरमानं हातातला विळा खाली टाकला.

"ऐका रं समदी! हे मधलं रान मी पेरलंय. ह्या हातानं. जानूनबुजून वाईट पेरलंय. कडंचं चार फेरं ह्या पोराचं. मास्तरांचं नाव खराब व्हावं म्हनून केलं मी. पोराच्या तोंडी सारखं मास्तर, मास्तर... मला सोसवलं न्हाय."

आण्णाप्पा पाटलानं डोळे पुसले.

"बापाचं काळीज बगा रं. पोराचा डाग सोता अंगावर घेतोय."

"तसं न्हवं, पाटील! देवाच्यान सांगतो..."

"आरं गप भरमा. तू आनि वाईट पेरनार? आंधळ्यानं सांगितलं तरी पटायचं न्हाय." रवळूनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पोराला न्हाय चिडवायचा आमी. झालं?"

भरमा मास्तरांकडं वळला. "मास्तर, तुमी तर हुतासा तिथं. तुमी बघितलंयसा."

दत्तोपंतांनी चष्मा काढला. "भरमाप्पा, तुम्ही पेरलंत हे मी पाहिलं. हात तर एकसारखा चालत होता. दोष आमच्या जमिनीचा असेल, नळीचा असेल. पण मुलासाठी तुम्ही आज जे बोललात..." ते पोरांकडं वळले. "मुलांनो, वडील कसे असावेत ते बघून ठेवा. हे मला कुठल्याच तासाला शिकवता आलं नसतं."

चाळीस पोरांनी भरमाकडं बघितलं. वर्षभर ज्या उजेडासाठी तो झुरला होता, तो चाळीस तोंडांवर एकदम आला. भरमाला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावर थुंकावं.

एकच तोंड खाली होतं. शामू शाळूच्या पेंढ्या बांधत होता.

"शामू, तू सांग त्यास्नी," भरमा म्हणाला. "तू उकरून बघितलंयस. तुला ठावं हाय."

शामूनं पेंढीची गाठ मारली, गुडघ्यानं दाबून घट्ट केली आणि उभा राहिला.

"मी साहेबास्नी सांगितलं तेच खरं, आप्पा," तो म्हणाला.

"पोरगं बी गुनाचं हाय," पाटील म्हणाला.

शामूनं पेंढी डोक्यावर घेतली आणि भरमाच्या शेजारनं, अंगाला अंग लागू न देता, मास्तरांच्या गंजीकडं चालत गेला. लोक भरमाभोवती जमत होते. कुणीतरी त्याला बसायला जागा करून दिली, कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, आणि भरमानं तो दोन्ही हातांनी घेतला.